सर्पगंधा जंगलातली आणि लॅबमधली: अँटीबॅक्टेरियल टेस्ट नीट कशी करायची

प्रोजेक्टला सर्पगंधा घेताय तर पहिलं हे ठरवा, मूळ उपटायचं नाही. औषध मुळात म्हणून सगळे मुळावरच येतात आणि मूळ गेलं की झाड गेलं, असंच करून ती जंगलातनं कमी होत गेली आणि साइट्स (CITES, जंगली जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या दुसऱ्या परिशिष्टात जाऊन बसली. टेस्टला पानं पुरतात, ती पण दोनचार झाडांची थोडी थोडी. गोव्यातल्या म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यातनं आणायची तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. कुळागरात (म्हणजे पोफळीच्या बागेत) मिळाली तर मालकाला विचारून घ्या, पण वहीत 'जंगली' लिहू नका हां, तिला पाणी-शेणखत मिळालेलं असतं आणि आपल्याला बघायचंय ते हेच की किडीला, उन्हाला तोंड देत वाढलेल्या झाडात जे तयार होतं ते बाटलीत वाढलेल्या रोपात होतं का.

लॅबची रोपं नेहमीसारखीच, पेरासकट खोडाचा तुकडा, एमएस मीडियम (बाटलीत रोप वाढवायचं आगर घातलेलं खाद्य), ३ टक्के साखर, पीएच ५.८, २५ डिग्री, १६ तास उजेड. आता खरी मेख. बॅक्टेरिया येऊ नयेत म्हणून बरेच जण मीडियममध्ये सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घालतात, आणि तेच अँटिबायोटिक रोपात राहिलं तर प्लेटवर मस्त झोन (बॅक्टेरिया न वाढलेला मोकळा गोल) दिसतो आणि आपण खूश, झाडाचा त्यात काही संबंधच नसतो! म्हणून टेस्टची रोपं बिनऔषधाच्या मीडियमवर दोनतीनदा बदलून घ्या, पाल्याला चिकटलेला आगर धुवून काढा, आणि नुसत्या मीडियमचा अर्कसुद्धा कंट्रोल म्हणून लावा.

दोन्हीकडे पानच घ्या, एकीकडे पान आणि एकीकडे कॅलस (बाटलीत वाढलेला पेशींचा नुसता गोळा) असं नको. वजन सुक्याचंच धरा कारण बाटलीतल्या रोपात पाणी फार असतं. आपल्याकडे पावसात पानं सावलीत वाळत नाहीत, सरळ बुरशी धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर ४० डिग्रीच्या ओव्हनमध्येच वाळवा, दोन्ही एकाच पद्धतीने.

१० ग्रॅम पावडर, १०० मिली मिथेनॉल, रात्रभर शेकरवर, गाळून मिथेनॉल उडवा, उरलेलं वजन करून डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, दोन्हींची कॉन्सन्ट्रेशन एकच.

प्लेटमध्ये म्युलर-हिंटन आगर (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) ४ मिमी जाड, त्यावर पसरायचं बॅक्टेरियाचं कल्चर ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी बॅक्टेरिया. बॅक्टेरिया दोन, स्टॅफ ऑरियस आणि ई. कोलाय, दोन्ही मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आणि सरांच्या देखरेखीखालीच. आगरमध्ये ६ मिमीची भोकं पाडून त्यात अर्क, एकात नुसतं डीएमएसओ, एकात माहितीतलं अँटिबायोटिक, ३७ डिग्रीला १८ ते २४ तास. वापरलेल्या प्लेटी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकायच्या नाहीत.

ई. कोलायवर झोन छोटा आला किंवा आलाच नाही तर घाबरू नका, तो ग्रॅम निगेटिव्ह प्रकारचा, आणि अशांच्या बाहेरच्या पडद्यातनं बरीच द्रव्यं आत जातच नाहीत. शिवाय अर्कातले मोठे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे छोटा झोन म्हणजे कमजोर अर्क असं नसतं, एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं कमीत कमी कॉन्सन्ट्रेशन) काढल्याशिवाय तुलना लिहूच नका.

आणि लॅबचं रोप मागे पडलं तरी लगेच 'जंगलातलंच भारी' असं लिहून मोकळे होऊ नका. काही रोपांना मीडियममधनं थोडं सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा मिथाइल जास्मोनेट द्या, त्याने झाडाला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि बचावाची द्रव्यं वाढू शकतात, मग काही दिवसांनी तीच टेस्ट परत लावा, बाजूला न दिलेली रोपं ठेवून.