रसायनशास्त्रातील पहिला शोधनिबंध पाठवताना

पहिला शोधनिबंध लिहायची वेळ आली की बहुतेक नवे संशोधक प्रस्तावनेचे पहिले वाक्य शोधत बसतात. मीही तेच केले होते. तीन आठवडे मी प्रस्तावना घासूनपुसून लिहीत राहिले, आणि निबंध परीक्षणाहून परत आला तेव्हा प्रस्तावनेबद्दल कोणत्याही परीक्षकाने एक अक्षरही लिहिलेले नव्हते. त्यांची मुख्य हरकत होती सपोर्टिंग इन्फर्मेशनमधल्या, म्हणजे निबंधासोबत जोडायच्या प्रायोगिक तपशिलांच्या पुरवणीतल्या, एका पानावर. हे पान मी शेवटच्या दोन दिवसांत, रात्री जागून, घाईघाईने तयार केले होते.

त्या पानावर एका नव्या संयुगाचा प्रोटॉन एनएमआर वर्णपट होता, म्हणजे रेणूतील हायड्रोजन कसे जोडलेले आहेत हे दाखवणारा आलेख. संयुगाचा रेणुभार सुमारे ३०० होता आणि आम्ही यील्ड, म्हणजे कमाल अपेक्षेच्या तुलनेत हाती आलेले उत्पादन, ९४ टक्के दिले होते. परीक्षकाने वर्णपट मोठा करून पाहिला आणि ४.१२ पीपीएमला (हे वर्णपटाच्या आडव्या मापाचे एकक) क्वार्टेट (चार रेषांचा), २.०५ ला सिंग्लेट (एका रेषेचा) व १.२६ ला ट्रिप्लेट (तीन रेषांचा) असे तीन सिग्नल दाखवून दिले. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये नोंदलेल्या वर्णपटात हे तीन सिग्नल एकत्र दिसले की ते इथाइल ॲसिटेट या द्रावकाचे, हे कॉलम क्रोमॅटोग्राफीने संयुगे शुद्ध करणाऱ्या कोणालाही पाठ असते. आम्हालाही ते ठाऊक होतेच, पण ‘थोडे द्रावक राहिले आहे’ एवढे म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. परीक्षकाने मात्र हिशेब मांडला होता. आमच्या संयुगातील मेथॉक्सी गटाच्या सिग्नलचे इंटिग्रेशन, म्हणजे त्याखालचे क्षेत्रफळ, ३.०० धरले तर २.०५ च्या सिंग्लेटचे ०.९० येत होते. दोन्हीकडे प्रोटॉन तीनच असल्यामुळे संयुगाच्या एका रेणूमागे इथाइल ॲसिटेटचे ०.३ रेणू. द्रावकाचा रेणुभार ८८, त्याचे ०.३ पट म्हणजे साधारण २६. म्हणजे तोललेल्या वजनापैकी जवळजवळ ८ टक्के वजन द्रावकाचेच होते. आमचे ९४ टक्के खरे तर ८६ टक्के होते. आम्ही सगळे नमुने पुन्हा व्हॅक्यूम पंपावर रात्रभर ठेवले, पुन्हा तोलले, वर्णपट पुन्हा नोंदवले, आणि आणखी चार संयुगांची यील्ड बदलावी लागली.

तेव्हापासून मी निबंधाची सुरुवात सपोर्टिंग इन्फर्मेशनपासून करते, आणि नव्याने लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला हाच क्रम आग्रहाने सांगते. त्यामागचे कारण सोपे आहे. निबंधातील प्रत्येक विधान शेवटी याच पानांवर उभे असते, आणि ही पाने तयार करताना ज्या उणिवा दिसतात त्या प्रयोगशाळेत जाऊनच भरून काढाव्या लागतात. मुख्य मजकूर लिहून झाल्यावर त्या सापडल्या तर मजकुराचा मोह सुटत नाही आणि माणूस उणिवांवर शब्दांचे पांघरूण घालू लागतो.

संयुगाची माहिती लिहिताना प्रत्येक ओळ रचनेशी ताडून पाहावी. कार्बन एनएमआरमधले सिग्नल मोजावेत आणि रचनेतून अपेक्षित असलेली संख्या शेजारी पेन्सिलने लिहावी. पॅरा स्थानी दोन वेगळे गट असलेल्या बेंझीन कडीत कार्बन सहा असले तरी सममितीमुळे सिग्नल चारच येतात, हे नवखा विद्यार्थीही जाणतो. पण ट्रायफ्लुओरोमिथाइल गट आला की अनेकांची गल्लत होते. फ्लोरीनशी होणाऱ्या कपलिंगमुळे, म्हणजे चुंबकीय परस्परपरिणामामुळे, त्या कार्बनचा सिग्नल सुमारे २७० हर्ट्झ अंतराच्या क्वार्टेटमध्ये विभागला जातो, त्याच्या बाजूच्या रेषा गोंगाटात बुडालेल्या असतात, आणि मग एक तर तो कार्बन यादीतून गळतो किंवा त्याच्या मधल्या दोन रेषा दोन वेगळे कार्बन म्हणून नोंदल्या जातात. अशा वेळी नमुना अधिक संहत करून जास्त स्कॅन घेणे हाच मार्ग आहे.

उच्च विभेदन वस्तुमान वर्णपटाच्या बाबतीत मोजलेले आणि गणलेले मूल्य यांतला फरक सहसा ५ पीपीएमच्या (येथे दशलक्षातील भागांच्या) आत असावा अशी अपेक्षा असते. येथे एक बारीक चूक वारंवार दिसते. धन आयनाचे वस्तुमान काढताना निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वजा करायचे राहते. ते फक्त ०.०००५५ एवढे असते, पण ३०० च्या आसपास तेवढ्यानेच जवळपास १.८ पीपीएमचा फरक पडतो. आयन प्रोटॉनयुक्त आहे की सोडियमयुक्त, हेही प्रत्येक संयुगापुढे स्पष्ट लिहावे.

मूलद्रव्य विश्लेषणात गणलेल्या मूल्यापासून ०.४ टक्क्याच्या आत निकाल हवा, हा दंडक अनेक वर्षे चालत आला आहे. या मर्यादेचा धाक एवढा असतो की ०.४६ टक्के फरक आलेला निकाल पाहून विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो. २०२२ मध्ये ‘एसीएस सेंट्रल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने शुद्ध नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडे पाठवून हीच मर्यादा कितपत वास्तववादी आहे, असा प्रश्न उभा केला. म्हणून माझे सांगणे असे की आलेला आकडा जसाच्या तसा द्यावा, शुद्धतेचा दुसरा पुरावा शेजारी ठेवावा आणि स्पष्टीकरण लिहावे. आकड्याला मर्यादेत ढकलण्याचा विचारही मनात येऊ देऊ नये. एकदा तो आला की पुढच्या प्रत्येक वर्णपटाकडे पाहण्याची नजरच बिघडते.

स्फटिकरचना असेल तर सीआयएफ फाइल (रचनेची माहिती असलेली प्रमाण फाइल) आधी चेकसीआयएफ या तपासणी प्रणालीतून तपासून घ्यावी. त्यात ए, बी, सी आणि जी अशा पातळ्यांचे इशारे येतात. ए पातळीचा इशारा दूर करता आला नाही तर त्याचे कारण फाइलमध्येच नोंदवावे लागते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटरकडे रचना जमा केल्यावर मिळणारा क्रमांक निबंधात द्यावा लागतो, म्हणून हे काम निबंध पाठवण्याच्या दिवसावर ठेवू नये.

प्रयोगाची कृती लिहिताना प्रयोगवही उघडी ठेवूनच लिहावे. स्मरणातून लिहिलेली कृती नेहमी प्रत्यक्षापेक्षा नीटनेटकी होते. किती मिलीग्रॅम, किती मिलीमोल, कोणत्या क्रमाने, किती वेळात, कोणत्या तापमानाला, आणि ते तापमान तेलाच्या बाथचे की फ्लास्कच्या आतले, हे सगळे आले पाहिजे. अझाइड, पेरोक्साइड, परक्लोरेट यांसारख्या धोकादायक पदार्थांशी संबंध असेल तर सावधगिरीची सूचना ठळकपणे द्यावी. आपली कृती वाचून कोणीतरी अनोळखी विद्यार्थी एकटाच हुडसमोर (वायू शोषून घेणाऱ्या कपाटासमोर) उभा राहणार आहे, हे लक्षात ठेवले की ही सूचना केवळ नियमापुरती राहत नाही.

एवढे झाले की मुख्य निबंध पुष्कळसा हातात आलेला असतो. आकृत्या, स्कीम (अभिक्रियांची चित्रे) आणि तक्ते टेबलावर पसरून त्यांचा क्रम लावावा. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी २००४ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये लिहिलेल्या लेखात आराखडा आधी आणि मजकूर नंतर, असाच सल्ला दिला आहे, आणि माझा अनुभवही त्याला दुजोरा देतो. मार्गदर्शकांशी पहिली चर्चा या आराखड्यावर व्हावी, वीस पानांच्या मजकुरावर नव्हे. कोणता नियंत्रण प्रयोग राहिला आहे हे आराखड्यावरच चटकन दिसते. ‘उत्प्रेरकाशिवाय अभिक्रिया होत नाही’ असे वाक्य लिहायचे असेल तर उत्प्रेरक न घालता केलेला प्रयोग तक्त्यात असलाच पाहिजे. ज्या सबस्ट्रेटवर (सुरुवातीच्या पदार्थावर) अभिक्रिया चालली नाही तेही दाखवावेत. पद्धत कुठे थांबते हे कळले की वाचकाचा ती जिथे चालते तिथला विश्वास वाढतो.

रचना काढताना केमड्रॉ या सॉफ्टवेअरमधली ‘एसीएस डॉक्युमेंट १९९६’ ही मांडणी पहिल्या दिवसापासून वापरावी. तीत बंधाची लांबी १४.४ पॉइंट ठरलेली असते, त्यामुळे सर्व स्कीम एका मापाच्या दिसतात. नंतर आकृती ओढून लहानमोठी केली की अक्षरे आणि बंध यांचे प्रमाण बिघडते. संयुगांचे क्रमांक एकदा गोठवले की बदलू नयेत. मुख्य निबंधात ३ए आणि सपोर्टिंग इन्फर्मेशनमध्ये तेच संयुग ४ए, असा गोंधळ परीक्षकाला सर्वाधिक चिडवतो, हे मी आता स्वतः परीक्षण करताना अनुभवते.

प्रस्तावना आणि सारांश सर्वांत शेवटी लिहावेत. तोवर आपण नेमके काय सिद्ध केले आहे हे पक्के कळलेले असते, त्यामुळे दोन्ही आपोआप आटोपशीर होतात. संदर्भ म्हणून दिलेला प्रत्येक निबंध स्वतः उघडून वाचलेला असावा.

नियतकालिक निवडताना केवळ इम्पॅक्ट फॅक्टरकडे, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात या आकड्याकडे, पाहू नये. आपल्या संदर्भयादीत कोणते नियतकालिक पुन्हा पुन्हा येते ते पाहावे, कारण आपला वाचक बहुधा तिथेच असतो. निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा असतो. त्याआधी तो प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे परीक्षणापूर्वीच सर्वांना वाचता येईल असा, ठेवायचा असेल तर २०१७ पासून सुरू असलेले केमआर्काइव्ह हे संकेतस्थळ आहे, पण त्या नियतकालिकाचे प्रीप्रिंटविषयीचे धोरण आधी वाचून घ्यावे. काही दिवसांत स्वीकृतीची हमी देऊन पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तरही देऊ नये.

लेखकांचा क्रम हा नाजूक विषय आहे आणि तो लवकर, मोकळेपणाने बोलून ठरवावा. कोणी काय केले हे लिहिण्यासाठी अनेक प्रकाशक १४ भूमिकांची क्रेडिट वर्गवारी वापरतात. ती यादी समोर ठेवून बोलले की चर्चा माणसांवरून कामावर येते. अंतिम मसुदा प्रत्येक सहलेखकाने वाचून लेखी संमती दिल्याशिवाय निबंध पाठवू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणून नोंदवता येत नाही, ही भूमिका कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सने २०२३ मध्ये स्पष्ट केली आहे. भाषा सुधारण्यासाठी असे साधन वापरले असल्यास नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करावे.

संपादकाला लिहायच्या पत्रात सारांशाची नक्कल करू नये. कोणता प्रश्न अडला होता, आपण तो किती सोडवला आणि याच नियतकालिकाच्या वाचकाला त्याचे काय, हे पाऊण पानात सांगावे. परीक्षकांची नावे सुचवताना अलीकडचे सहलेखक, जुने मार्गदर्शक आणि स्वतःच्या संस्थेतील माणसे वगळावीत.

प्रत्यक्ष निबंध पाठवण्यासाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवावी. संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, निधीची माहिती, सर्व सहलेखकांचे पत्ते आणि सारांशचित्र हाताशी असावे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत या चित्राचे माप ८.२५ बाय ४.४५ सेंटिमीटर असते. फाइली चढवल्यावर प्रणाली जी पीडीएफ तयार करते ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन येणे आणि उणे चिन्ह गायब होणे या दोन गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि उणे ७८ अंशांचे नुसते ७८ झाले तर कृतीचा अर्थच उलटतो.

निबंध परीक्षणाला न जाताच परत आला तर त्यात संशोधनाच्या दर्जावर शिक्कामोर्तब झालेले नसते. पुष्कळदा तो त्या नियतकालिकाच्या कक्षेत बसत नसतो एवढेच. परीक्षण होऊन हरकती आल्या तर त्या दिवशी उत्तर लिहू नये. दोन दिवसांनी प्रत्येक हरकत जशीच्या तशी उतरवून तिच्याखाली उत्तर लिहावे आणि मजकुरात कोणत्या पानावर काय बदलले ते सांगावे. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर पुराव्यानिशी, आदर राखून तसे लिहिता येते. मात्र त्याने प्रयोग मागितला असेल आणि तो शक्य असेल, तर वाद घालण्यापेक्षा तो करून पाहावा. इथाइल ॲसिटेटच्या त्या हरकतीला मी आधी रागाने दीड पानाचे उत्तर लिहिले होते; पाठवले ते तीन ओळींचे, सोबत नवे वर्णपट जोडून.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतात आणि ते बहुधा दोन दिवसांत परत मागितले जातात. नावांची अक्षरे, रचनांमधील स्टिरिओबंध (त्रिमितीय दिशा दाखवणारे बंध) आणि तक्त्यांतील दशांश चिन्हे या तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे. प्रयोगवह्या, एनएमआरच्या मूळ एफआयडी (कच्च्या मोजणीच्या) फाइली आणि शक्य असतील ते नमुने त्यानंतरही जपून ठेवावेत.

आमचा तो निबंध प्रसिद्ध झाल्यावर साधारण दीड वर्षाने एका अनोळखी विद्यार्थिनीचा ईमेल आला. अभिक्रिया चालते, पण डायस्टिरिओमरांचे (अणूंची अवकाशीय मांडणी वेगळी असलेल्या उत्पादनांचे) प्रमाण आमच्यासारखे येत नाही, असे तिने लिहिले होते. मी प्रयोगवही काढली. निबंधात आम्ही ‘अभिकारक थेंबाथेंबाने मिसळला’ असे लिहिले होते. वहीत सिरिंज पंपाचा वेग आणि त्यापुढे ‘४० मिनिटे’ अशी नोंद होती. मी तिला ते कळवले. आठवड्याभराने तिचे वर्णपट आले, प्रमाण जुळले होते, आणि त्याच दिवशी आम्ही नियतकालिकाकडे शुद्धिपत्र पाठवले.