डॉकरमधल्या ३८९ डिरेक्टरी सर्व्हरला स्वतःचं सर्टिफिकेट कसं बसवलं

जळगावच्या ऑफिसात आमचा ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची लॉगिन खाती एका जागी ठेवणारा) डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, चालतो, पहिल्यांदा सुरू होताना तो स्वतःच सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट बनवतो आणि भुसावळ ब्रँचची मशीनं ते काही केल्या मानेनात. कंटेनरच्या आत शिरून सर्टयूटिल (सर्टिफिकेटं हाताळायची कमांड) चालवत बसू नका भाऊ, उगाच डोक्याला ताप. डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरचा डेटा जिथं साठतो तिथं) टीएलएस फोल्डर करायचं, त्यात सर्व्हर डॉट की (खाजगी किल्ली), सर्व्हर डॉट सीआरटी (सर्टिफिकेट) आणि आतल्या सीए फोल्डरात सीएचं, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याचं, सर्टिफिकेट, सगळं पेम ह्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये, मग कंटेनर रीस्टार्ट, कारण ह्या फायली तो सुरू होतानाच उचलतो. तरी एक मशीन कुरकुरत होतं. ते आयपीने जोडत होतं अन् सर्टिफिकेटच्या सॅनमध्ये (ते कोणत्या नावांना चालतं त्या यादीत) नुसतं होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचं नाव. त्या मशीनवर आयपीऐवजी होस्टनेम टाकलं, ३६३६ पोर्टवर लगेच लॉगिन झालं. रिन्यू करतानाही हेच, फायली बदला नि रीस्टार्ट मारा.