टँकमधल्या एप्टेशियाचा बंदोबस्त: सुरीने नव्हे, चुन्याने

पहिला एप्टेशिया मी स्वयंपाकघरातल्या सुरीने खरवडून काढला आणि तिथेच चुकले. माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटँकमध्ये, दगडाच्या खोबणीत करंगळीच्या नखाएवढा, फिकट तपकिरी झुपका उगवला होता. सुरी लागताच तो आक्रसला आणि त्याच्या अंगातून दोऱ्यासारखे पांढरे तंतू बाहेर पडले. वरचा भाग निघून आला. तीन आठवड्यांनी त्याच खोबणीभोवती अकरा झुपके मोजले.

एप्टेशिया हे समुद्रपुष्पांमधलं रक्तबीज आहे. दगडाला चिकटलेल्या त्याच्या तळव्याचा कणभर तुकडा मागे राहिला, तरी त्यातून अख्खा नवा जीव उभा राहतो. दगडावरून सरकतानाही तो असे तुकडे मागे सोडत जातो. म्हणून चिमटा, सुरी, टूथब्रश यातलं काहीही त्याला लावू नका.

आधी ओळख पटवून घ्या. एप्टेशियाचे हात लांब, बारीक आणि टोकाला निमुळते असतात. देठ जवळजवळ पारदर्शक असतो आणि जरा धक्का लागला की तो सर्रकन भोकात शिरतो. हात आखूड आणि टोकाला फुगीर असतील, तर तो बहुधा माजानो, म्हणजे असंच पसरणारं दुसरं समुद्रपुष्प. चुन्याचा उपाय त्यालाही चालतो.

माझा टँक ठाण्यातल्या घरी, 180 लिटरचा. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि दगडावर थोडे मशरूम नावाचे मऊ प्रवाळ. टणक प्रवाळ मी ठेवत नाही, त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. एप्टेशिया आला तो एका ओळखीच्यांनी दिलेल्या तळहाताएवढ्या दगडावरून. त्याच्या दंशाने शेजारचे मशरूम मिटून बसायला लागले, तेव्हा मी गांभीर्याने मागे लागले.

उपाशी ठेवून तो मरत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात तेच त्याला अन्न पुरवतं. पण जास्तीचं खाणं पडलं की तो भराभर पसरतो. फ्रोझन मायसिस (माशांना घालायचे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) गाळणीत धुऊन घाला आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच घाला.

आता चुना. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळते, हा प्रयोग मुलांना दाखवण्यात माझी कित्येक वर्षं गेली. टँकवाले ज्याला काल्कवासर म्हणतात ते हेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही. मी प्रयोगशाळेच्या दर्जाची शुद्ध पूड विकत आणली. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की तिची खडू होते आणि जोर जातो, म्हणून डबा घट्ट बंद ठेवा आणि लगदा दर वेळी ताजा कालवा. अर्धा चमचा पुडीत आरओचं पाणी थेंबथेंब घालत भज्यांच्या पिठाइतकं सैल करा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. सिरिंज तुंबून फसकन उडाली आणि चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

इन्शुलिनची सुई या लगद्याने लगेच तुंबते. पाच मिलीची सिरिंज आणि जाड सुई घ्या. सगळे पंप बंद करा आणि पाणी स्थिर होऊ द्या. सावली न पाडता हात हळू खाली न्या. सुईचं टोक झुपक्याच्या मधोमध, तोंडापाशी आणा, पण टोचू नका. लगद्याचा थेंब अलगद सोडला की तो हात आत वळवून अन्न समजून गिळतो. मग तो आक्रसायला लागला की वरून आणखी थोडा सोडून भोक पुरतं झाका. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला लगदा हवेच्या पंपाला लावतात तसल्या बारीक नळीने ओढून घ्या आणि मगच पंप सुरू करा.

एका दिवशी तीन-चारच मारा. माझ्या टँकला एका वेळी एकूण दोन मिलीच्या वर लगदा मी जाऊ देत नाही, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. हे काम मी सकाळी दिवे लागायच्या आधी करते, तेव्हा पीएच सर्वांत उतरलेला असतो. 8.5 च्या पुढे गेला तर त्या दिवशी थांबा. दोन दिवसांनी त्याच जागा पुन्हा बघा. एखादा खोल खोबणीतून हमखास परत डोकं काढतो.

एप्टेशियाची बारीक पिल्लं खाऊन संपवायला पेपरमिंट कोळंबी चांगली, मोठ्यांना ती सहसा हात लावत नाही. घेताना नीट पाहा. मला एका दुकानातून पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी दिली गेली आणि तिने मशरूमच कुरतडले. पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर अंगभर बारीक लाल रेघा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड असतं आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा नि ठिपके असतात. माझ्या तीन पेपरमिंट रात्रीच बाहेर पडतात. खाणं जास्त मिळालं तर त्या एप्टेशियाकडे ढुंकून बघत नाहीत.

फार भरलेला दगड उकळून काढावा असं कुणी सुचवलं, तर कृपा करून ऐकू नका. त्यावर झोअँथिड (समुद्रपुष्पांसारखेच झुपक्याने वाढणारे जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरतं आणि यातून घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तसा दगड बाहेर काढून दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवा. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

दगड साफ झाले तरी पंपाची जाळी आणि फिल्टरचा कप्पा राहतो. माझ्याकडे शेवटचे चार तिथे सापडले, अंधारात राहून पांढरेफटक पडलेले. पंप बाहेर काढून पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवला, घासला, साध्या पाण्याने धुऊन परत बसवला.