माल उचलताना आणि रचताना या चुका टाळा

भिवंडीच्या गोदामांत मालाची चढउतार करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्याच त्या चुकांनी धडधाकट माणसे घरी बसलेली पाहून आता मन विटले आहे.

मला सर्वांत खटकणारी चूक म्हणजे पाय जागेवर रोवून नुसती कंबर वळवणे. ट्रकच्या फाळक्यावरून खोका घ्यायचा आणि तसेच वळून शेजारच्या पॅलेटवर (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर) टाकायचा, यात एक पाऊल वाचते; परंतु वाकलेली पाठ ओझ्यासकट पिळली की मणक्यांमधल्या चकतीवर सगळा ताण येतो. खोका अंगापासून लांब धरला असेल तर आणखी वाईट. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे 20 किलोचा खोका अर्धा मीटर पुढे धरल्यास तो तोलण्यासाठी त्यांना सुमारे 200 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या वजन उचलण्याबाबतच्या 1991 च्या सूत्रात सर्वांत अनुकूल स्थितीतही मर्यादा 23 किलोच धरली आहे, आणि आपल्याकडे 50 किलोचे पोते सर्रास एकट्याच्या पाठीवर दिले जाते. मी पॅलेट मुद्दामच फाळक्यापासून दोन पावले दूर ठेवायला लावतो, म्हणजे माणसाला पाय उचलून पूर्ण वळावेच लागते. यात वेळ जातो अशी तक्रार नवी मुले हमखास करतात. तो वेळ मी आनंदाने देतो.

दुसरी चूक थप्पीची. एका गोदामात साखरेच्या पोत्यांची उंच थप्पी लागली होती. संध्याकाळी गाडी भरायची होती, चालक दारात उभा राहून घाई करत होता, आणि जुना माल आधी जायला हवा म्हणून एका नव्या पोराने वर न चढता मधल्या थरातले पोते आकड्याने ओढून काढले. पहिले पोते निघाले, दुसरेही निघाले, त्यामुळे त्याची भीड चेपली. तिसऱ्या पोत्याबरोबर वरचा सगळा भाग पुढे झुकला आणि शेजारी पावती तपासत असलेल्या वयस्कर हमालाच्या पायावर कोसळला. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले, आणि पोते उचलण्याचे काम त्यांना पुन्हा कधीच करता आले नाही. थप्पी नेहमी वरून, पायऱ्या पाडत उतरवावी. रचताना एक थर आडवा आणि एक उभा ठेवावा, म्हणजे पोती एकमेकांना धरून राहतात. जुना माल आधी काढायचा असेल तर त्याची थप्पीच वेगळी लावावी. ऐन वेळी खालून ओढण्याची युक्ती मी कोणालाही करू देत नाही, मग तो कितीही जुना गडी असो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. हँड पॅलेट, म्हणजे पॅलेट हलवायचा हातगाडा, ढकलावा. ओढत नेल्यास तो टाचेवर चढतो. गाडीच्या चाकाखाली गुटका लावल्याशिवाय फळीवर पाय ठेवू नये. चपला घालून माल उतरवू नये. समोरचे दिसत नाही इतके खोके एकावर एक घेऊ नयेत.

कंबरपट्ट्याबद्दल मात्र थोडे बोलायला हवे, कारण तो बांधला की जास्त वजन उचलता येते असा समज फार पसरला आहे. धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यामुळे वाचते याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष नायॉशने 1994 मध्येच काढला होता. पट्ट्यावर खर्च करण्याऐवजी मालकांनी एक चांगली ट्रॉली घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटची चूक दुखापत झाल्यानंतरची आहे. उसण भरली की कोणाकडून तरी पाठ तुडवून घ्यायची आणि पुन्हा ओझ्याखाली जायचे, हे ताबडतोब थांबले पाहिजे. त्या दिवशी उचलण्याचे काम बंद ठेवावे, पण अंथरूण धरून न राहता झेपेल तितके चालत-फिरत राहावे. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, जांघेत संवेदना कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे, कारण नस दबलेली असल्यास उशीर झाल्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते.