क्वेरी ट्यूनिंगचं काम जपून कसं ठेवावं: पर्वरीतला माझा अनुभव

५ जानेवारी २०२३ला गोव्यात पेडणे तालुक्यातल्या नव्या मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली. मी तेव्हा पर्वरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत जेमतेम वर्ष काढलेलं होतं. आमचं काम हॉटेल बुकिंगचं. पाहुण्यांना आणायला गाडी पाठवायची नोंद डेटाबेसच्या ज्या टेबलात जायची, त्यात विमानतळाचा एक कॉलम होता आणि तोवर त्यात जुन्या विमानतळाचं नाव, दाबोळीच दाबोळी. मी पेडण्याची, त्यामुळे त्या कॉलममध्ये मोपा दिसू लागलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पंधरवड्यातच तक्रार आली: दाबोळीच्या गाड्यांची यादी लगेच उघडते, मोपाची उघडायला मिनिटभर लागतं.

ती यादी आणणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जलद करायला दोन दिवस मी झटले. विमानतळाच्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणून केलेली सूची) घातला, फरक नाही. जॉइनचा, म्हणजे टेबलं जोडण्याचा, क्रम बदलून पाहिला, नाही. वर्क-मेम, म्हणजे क्वेरीच्या कामासाठी दिलेली मेमरी, वाढवली, तरीही नाही. शेवटी आमच्या सीनियर सरांनी प्लॅनमधल्या, म्हणजे क्वेरी चालवायला डेटाबेसने आखलेल्या पायऱ्यांमधल्या, एका ओळीवर बोट ठेवलं. अंदाज १ रोचा (रो म्हणजे टेबलातली एक नोंद), प्रत्यक्षात आल्या ९ हजारांवर.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. तो प्रत्येक कॉलममध्ये कोणती मूल्यं किती वेळा येतात याचा हिशेब ठेवतो आणि त्यावरून प्लॅन ठरवतो. हा हिशेब आपोआप ताजा होतो, पण मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी टेबलातल्या साधारण १० टक्के रो बदलाव्या लागतात. आमच्या टेबलात ४० लाख रो. म्हणजे ४ लाख बदल होईपर्यंत त्याच्या लेखी मोपा अस्तित्वातच नव्हतं. एकच रो येणार असं धरून त्याने नेस्टेड लूप (एकेका रोसाठी पुढच्या टेबलात शोधायची रीत) निवडला आणि पुढचं टेबल ९ हजार वेळा चाळलं. माझा इंडेक्स कामाचा नव्हताच, दुखणं पुढच्या जोडणीत होतं. गाड्यांच्या नोंदींच्या टेबलावर अनालाइझ, म्हणजे हा हिशेब ताजा करायची आज्ञा, चालवलं आणि यादी क्षणात उघडली.

मी सगळ्या चाचणी-फाइली पुसल्या आणि घरी गेले. चूक इथे झाली.

त्याच वर्षी चवथीला मी गावी असताना बुकिंगचा एक नवा मार्ग सुरू झाला आणि दुसऱ्या कॉलममध्ये तेच दुखणं उपटलं. माझ्या सहकाऱ्याने दोन दिवस घालवले: तोच इंडेक्स, तोच जॉइन, तीच वर्क-मेम. शिवाय माझा जुना निरुपयोगी इंडेक्स तिथेच पडून होता आणि प्रत्येक नव्या नोंदीला त्याचा भार सोसावा लागत होता. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक ट्यूनिंगला स्वतंत्र प्रोजेक्ट मानते आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते.

एक तक्रार, एक फोल्डर. नाव तारखेने सुरू करा आणि पुढे वापरणाऱ्याच्या शब्दांत अडचण लिहा: ‘मोपाची यादी उशिरा’. ‘क्वेरी नवी २ अंतिम’ अशा नावाने सहा महिन्यांनी काहीही सापडत नाही. आत पहिली फाइल मूळ क्वेरीची, आणि तिला हात लावायचा नाही. प्रत्येक प्रयत्नाची वेगळी फाइल, तिच्या शेजारी तिचा प्लॅन. प्लॅनचा स्क्रीनशॉट नको, मजकूरच ठेवा, म्हणजे दोन प्लॅन शेजारी ठेवून फरक काढता येतो. सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात.

प्लॅन घेताना नुसती एक्सप्लेन ही प्लॅन दाखवणारी आज्ञा पुरत नाही, तिच्यात फक्त अंदाज असतो. तिला अनालाइझ (इथे हा एक्सप्लेनचा पर्याय, वरची हिशेबाची आज्ञा नव्हे) आणि बफर्स जोडून घ्या. मात्र एक्सप्लेन अनालाइझ ती क्वेरी खरोखर चालवतं, हे पक्कं लक्षात ठेवा. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर आधी बिगिन, शेवटी रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागे घेतला जातो. बफर्समुळे किती पानं (डेटाबेस डेटा ज्या ठरावीक तुकड्यांत ठेवतो ती) मेमरीत सापडली आणि किती वाचून आणावी लागली तेही दिसतं. पहिल्या वेळी ८ सेकंद आणि दुसऱ्या वेळी २ सेकंद लागले, तर ती बहुतेक वेळा तुमची सुधारणा नसते, पानं आधीच मेमरीत आलेली असतात. मी प्रत्येक प्रयत्न तीनदा चालवते आणि तिन्ही वेळा लिहून ठेवते.

क्वेरीत कोणती मूल्यं भरली होती तेही जपा. दाबोळी घालून घेतलेला प्लॅन मोपाबद्दल काहीच सांगत नाही. पण पाहुण्यांची नावं, फोन, पासपोर्ट क्रमांक गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नका. त्यांच्या जागी बनावट मूल्यं घाला.

आणि एक टिपण, साध्या मराठीत. टेबलात त्या दिवशी किती रो होत्या, कोणते इंडेक्स होते, पोस्टग्रेसची आवृत्ती कोणती, वर्क-मेमसारखी सेटिंग काय होती. मग काय करून पाहिलं आणि ते का फसलं. ही फसलेल्यांची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. यश तर चालू कोडमध्ये दिसतंच, फसलेला इंडेक्स कुठेच दिसत नाही आणि पुढचा माणूस तोच पुन्हा घालतो. चाचणीसाठी घातलेला प्रत्येक इंडेक्स काढण्याची ड्रॉपची ओळ मी तो घालतानाच टिपणात लिहिते आणि ती चालवल्याशिवाय फोल्डर बंद झालं असं मानत नाही.

आवृत्ती लिहायचं महत्त्व मला पुढे कळलं. पोस्टग्रेस ११पर्यंत विथ हा शब्द लावून लिहिलेली उपक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) स्वतंत्रपणे चालायची, बाहेरची अट तिच्या आत पोहोचत नसे. म्हणून अशा काही क्वेरी आम्ही विथ काढून, वाचायला अवघड अशा रीतीने लिहिल्या होत्या. २०१९च्या १२व्या आवृत्तीपासून, एकदाच वापरलेली साधी विथ-उपक्वेरी मुख्य क्वेरीतच मिसळली जाते. आम्ही आवृत्ती बदलली तेव्हा मी फोल्डरांत ‘विथ’ शोधलं, टिपणं वाचली आणि मूळ क्वेरी एकेक करून नव्या सर्व्हरवर चालवल्या. तीन ठिकाणी जुनी, सोपी क्वेरी तितकीच जलद निघाली आणि आम्ही तीच परत आणली. चौथीत ती उपक्वेरी दोनदा वापरलेली होती. तिथे आमचा बदल तसाच ठेवला आणि का ठेवला ते टिपणाखाली त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं.