बाहेर जायची सवय असलेल्या मांजरीला घरात लिटर ट्रे कसा लावायचा

अंगणात, परसात किंवा सोसायटीच्या बागेत शू-शीला जाणारी मांजर फ्लॅटमध्ये कायमची राहायला येते, तेव्हा उकरणं आणि झाकणं तिला येतच असतं. ते शिकवावं लागत नाही. अडतं ते पायाखाली काय लागतं यावर. भुसभुशीत, कोरडी माती ही तिच्या ओळखीची जागा. दुकानातलं खडेदार, लव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे शू-शीसाठी ट्रेमध्ये भरायचे दाणे, तिला त्यातलं वाटत नाही. म्हणून सुरुवात मातीनेच करायची आणि लिटर तिच्या नकळत वाढवत न्यायचं. तीन ते चार आठवडे हाताशी ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत झालं म्हणून घाई केली की तिसऱ्या आठवड्यात गादी ओली झालेली सापडते.

ट्रे मोठा हवा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजरीची लांबी मोजा आणि ट्रेची लांबी तिच्या निदान दीडपट ठेवा. पूर्ण वाढलेल्या मांजरीला म्हणजे ६० सेंमीच्या पुढेच. दुकानात मिळणारे बरेचसे ट्रे यापेक्षा लहान असतात. त्यापेक्षा कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, झाकण काढून टाका आणि एका बाजूला जमिनीपासून १२-१५ सेंमीवर दार कापा. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. म्हातारी मांजर असेल तर दार ८ सेंमीवर. घमेलं पिल्लाला चालतं, मोठ्या मांजरीला त्यात वळता येत नाही आणि मग तोंड आत, शेपूट बाहेर अशी गत होऊन शी काठाबाहेर पडते. झाकणाचे, गुहेसारखे ट्रे सुरुवातीला नकोतच. बाहेर वाढलेल्या मांजरीला शू करतानाही चहूकडे नजर ठेवायची सवय असते, कुत्रा कुठून येईल सांगता येत नाही. शिवाय झाकणाखाली वास कोंडतो.

एका मांजरीला दोन ट्रे, दोघींना तीन. बऱ्याच मांजरी शू एकात आणि शी दुसऱ्यात करणं पसंत करतात. दोन्ही ट्रे शेजारी-शेजारी ठेवले तर मात्र मांजरीच्या लेखी तो एकच.

माती आणि लिटर

ती बाहेर जिथे जायची, तिथलीच माती आणा. पानं, काड्या, खडे चाळून काढा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. हातमोजे घाला, कारण अशा मातीत जंतांची अंडी असू शकतात; उन्हाने ती सगळी मरतील असं धरून चालू नका. मांजरीचं जंताचं औषध या निमित्ताने डॉक्टरांना विचारून देऊन टाका. बाहेरची माती नाही मिळाली तर बारीक चाळलेली वाळू किंवा नर्सरीतली खत न मिसळलेली बागेची माती चालते. कोकोपीट हलकं असतं, पण केसाळ पायांना चिकटून घरभर होतं.

थर ५ ते ७ सेंमीचा. तळ ५५ बाय ३५ सेंमी असेल तर ५ सेंमी थराला साधारण साडेनऊ लिटर माती लागते, म्हणजे आंघोळीची मोठी बादली अर्धी भरून. थर पातळ राहिला की तिचे पंजे तळाच्या प्लास्टिकला घासतात आणि ती उकरायचं सोडून बाहेर पडते. पहिल्या ट्रेमध्ये तिने बाहेर शी केलेल्या जागची मूठभर माती टाका. वासाने जागा ओळखू येते.

लिटर घेताना बिनवासाचं, बारीक दाण्याचं, ओलं झालं की गोळा होणारं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) घ्या. मातीच्या जवळ तेच जातं. लाकडाच्या गोळ्या आणि सिलिकाचे खडे पुढे कधीतरी बघता येतील. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी बनवलेलं असतं, मांजरीला त्याचा भपकारा सोसत नाही. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर गोळा होणारं लिटर नको. पिल्लं ते खातात आणि ते पोटात फुगतं.

घरात आणणं

बाहेरचं दार अजून उघडं ठेवणं शक्य असेल तर उत्तम. मातीचा ट्रे आधी बाहेर, तिच्या नेहमीच्या जागीच ठेवा. ती तो वापरायला लागली की रोज दोन-तीन फूट दाराकडे सरकवा, मग उंबऱ्याच्या आत, मग ठरलेल्या कोपऱ्यात. एका दिवसात दहा फूट सरकवलात तर ती ट्रे सोडून जुन्या जागेवर परत जाईल. पावसाळ्याची सुरुवात यासाठी सोयीची: बाहेर चिखल, आत कोरडी माती, मांजर आपसूक कोरड्याकडे वळते.

दार एकदम बंद करावं लागणार असेल तर आधी तिला एकाच खोलीत ठेवा. एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला जेवण-पाणी. जेवणाजवळ ट्रे ठेवला तर ती तो टाळते. खोलीतल्या कुंड्या, पायपुसणी, गोधड्या, धुवायच्या कपड्यांचा ढीग उचलून ठेवा. मऊ आणि उकरता येण्याजोगं जे जे दिसेल ते तिच्या लेखी ट्रेच. जेवल्यावर, झोपून उठल्यावर आणि खेळल्यावर तिला ट्रेपाशी न्या, बोटांनी माती थोडी उकरून दाखवा आणि बाजूला व्हा. तिचे पंजे धरून उकरायला लावू नका, ती ट्रेलाच घाबरते. पहाटे दाराशी ओरडायला लागली की ती तिची नेहमीची वेळ समजा. दार न उघडता ट्रेपाशी घेऊन जा.

पहिल्या दिवशी ती शू धरून ठेवेल. ओलं जेवण दिलं की पाणी जास्त पोटात जातं आणि धरून ठेवणं कठीण होतं. पण २४ तासांत एकदाही शू झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका असेल तर जास्त जागरूक राहा: ट्रेमध्ये वारंवार बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. ही सवयीची अडचण नाही. त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्यायचं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

सलग चार-पाच दिवस ट्रे नीट वापरला गेला की मिश्रण सुरू करा. तीन भाग माती, एक भाग लिटर. पुढचे चार-पाच दिवस निम्मं-निम्मं, मग एक भाग माती आणि तीन भाग लिटर, शेवटी नुसतं लिटर. लिटर खाली आणि माती वर असा थर देऊ नका, नीट कालवा. कुठल्याही टप्प्यावर एकदा जरी ट्रेबाहेर झालं तरी एक टप्पा मागे या. शेवटच्या टप्प्यात अडून बसणाऱ्या मांजरी असतात. तिथे आठवडाभर मूठभर माती वरून भुरभुरवली तरी भागतं.

बाहेर झालं तर

ओरडणं, नाक घासणं, फटका, यातलं काहीही नको. त्यातून ती एवढंच शिकते की माणसांसमोर शू करणं धोक्याचं, आणि मग पलंगाखाली जाते.

फेनाइल वापरू नका. फिनॉलयुक्त जंतुनाशकं, डेटॉलही त्यात आलं, मांजरीचं यकृत पचवू शकत नाही आणि ती पंजे चाटते. डांबराच्या गोळ्याही तितक्याच विषारी. मुतावर ब्लीच ओतलं तर घातक वायू तयार होतो. आधी कापडाने टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. ते नसेल तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, वाळल्यावर खाण्याचा सोडा. वरवर पुसलेली जागा दमट हवेत पुन्हा वास मारू लागते आणि मांजर तिथेच परतते.

तुळशीच्या कुंडीचा मोह हमखास होतो. मातीवर लिंबाएवढे गोटे किंवा नारळाची सोडणं घट्ट रचा. मोरीत जायला लागली तर मोरीची फरशी ओली ठेवा आणि दाराबाहेर कोरड्या जागी एक ट्रे मांडा. ट्रे मोरीतच ठेवायचा असेल तर पाटावर उचलून, शिंतोडे उडणार नाहीत असा. ओलं लिटर पायाला लागलं की ती परत येत नाही. वॉशिंग मशीनशेजारचा कोपरा वाईट: ती बसलेली असताना एकदा मशीन थडथडलं की संपलं.

उभ्या भिंतीवर, दारावर, शेपूट थरथरवत फवारा मारला जात असेल तर ती हद्दीची खूण. ट्रे बदलून ते थांबत नाही, नसबंदीने बहुतेक बोक्यांत थांबतं.

सफाई रोज दोनदा. जुना झारा चालतो, मात्र तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. मातीचा ट्रे दर तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला, गोळा होणारं लिटर दोन-तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात त्याचा लगदा व्हायला लागतो, तेव्हा लवकर. ट्रे गरम पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा. ओरखड्यांत वास मुरतो, म्हणून वर्षाकाठी ट्रे नवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं: मांजरीच्या शीतून पसरणाऱ्या, पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका असतो. तो जंतू शीतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो, त्यामुळे रोजची सफाई बाकीच्यांसाठीही कामाची. काढलेले गोळे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्या. संडासात टाकलेलं बेंटोनाइट नळीत फुगतं आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात.