नाटोच्या सामायिक निधीतील वाटा कसा काढावा

कोल्हापुरातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अनेक जण नाटो या लष्करी आघाडीचा सामायिक निधी आणि सदस्य देशांचा स्वतःचा संरक्षण खर्च यांची गल्लत करतात, म्हणून प्रथम हे दोन आकडे वेगळ्या रकान्यांत लिहावेत. पंचगंगेकाठच्या पाणीपुरवठा संस्थेत सभासद सामायिक पंपाचा खर्च ठरलेल्या प्रमाणात भरतात, पण आपापल्या शेतातील खताचा खर्च संस्थेच्या वहीत येत नाही. येथेही तसेच आहे. २०१४ मध्ये वेल्स परिषदेत ठरलेले सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांचे उद्दिष्ट हे या खताच्या, म्हणजे प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संरक्षण खर्चाबद्दलचे होते, आणि २०२५ मध्ये हेग येथे मान्य झालेले ५ टक्क्यांचे उद्दिष्टही त्याच रकान्यातले.

त्यानंतर सामायिक निधीचे तीन भाग पाहावेत: नागरी अर्थसंकल्प (मुख्यालयाचा कारभार), लष्करी अर्थसंकल्प (सामायिक लष्करी कमांड व मोहिमा) आणि सुरक्षा गुंतवणूक कार्यक्रम (सामायिक लष्करी सुविधांची उभारणी). प्रत्येक देशाचा टक्का सकल राष्ट्रीय उत्पन्नावर आधारलेल्या सूत्राने ठरतो. २०२४-२५ साठी अमेरिका व जर्मनी यांचा वाटा प्रत्येकी सुमारे १५.८८ टक्के होता. पूर्वी अमेरिका २२ टक्क्यांहून अधिक भरत असे, हे ‘सारा भार अमेरिकेवर’ असे ठोकून देणाऱ्यांनी अवश्य तपासावे. २०२५ चा नागरी अर्थसंकल्प ४८.३३ कोटी युरोंचा होता. त्याला १५.८८ ने गुणून १०० ने भागल्यास जर्मनीचा वाटा सुमारे ७.६७ कोटी युरो येतो.